ऐंशीच्या पुढची थरथर

गणपती उठून आठवडा झाला होता. एका शनिवारी दुपारी मी गाडीचे चारही टायर बदलून घेतले आणि त्यांच्याबरोबर चाकंही बदलली. टायर बदलायलाच हवे होते, घासून पार गुळगुळीत झाले होते. चाकांची मात्र गरज नव्हती. दुकानात भिंतीवर रुपेरी अलॉय चाकं टांगलेली होती. दुकानदार म्हणाला, जुन्या लोखंडी चाकांवर नवे टायर चढवण्यापेक्षा हीच घ्या, गाडी हलकी चालेल आणि दिसेलही बरी. मी पंचावन्न वर्षांची, एकटी राहणारी बाई. दिसण्यासाठी म्हणून गाडीला आजवर काही केलं नव्हतं. त्या दिवशी काय वाटलं कुणास ठाऊक, हो म्हणून टाकलं.

तासाभरानं गाडी बाहेर आली ती दुसऱ्याच कुणाची वाटत होती. मी तिच्याभोवती एक चक्कर मारली. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारावंसं वाटलं, कशी दिसते म्हणून. पण तो आपल्या मोटरसायकलचं पंक्चर काढून घेत होता, त्याचं लक्ष नव्हतं. मी गाडीत बसले आणि घरी आले.

माझी नोकरी मंगळवेढ्याला, घर सोलापुरात. मंगळवेढ्याच्या ज्युनिअर कॉलेजात मी भूगोल शिकवते. जाऊन येऊन रोज एकशे दहा किलोमीटर होतात. तिकडेच खोली घे, असं सगळे म्हणायचे, पण आधी वडील अंथरुणाला खिळले होते, मग आई. दोघांनाही सोलापूर सोडायचं नव्हतं. आमच्या घरात कानडी बोलायची पद्धत, उंबऱ्याबाहेर मराठी. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि माझ्याशी कानडी बोलणारं माणूस उरलं नाही. आता कानडी मी फक्त गाडीत बोलते. पुढचा ट्रक वाट देत नसला की त्याला कानडीत सांगते, बाबा, सरक जरा. काचा बंद असतात, कुणाला ऐकू जात नाही.

नऊ वर्षं मात्र मी गाडीत एकटी नव्हते. आमच्याच कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एक मॅडम माझ्याबरोबर यायच्या. दोन गल्ल्या सोडून राहायच्या. माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या, नवरा लवकर गेलेला, एकुलती एक मुलगी पुण्यात. सकाळी सव्वानऊला त्या कोपऱ्यावरच्या मेडिकल दुकानासमोर उभ्या असायच्या, हातात डब्याची पिशवी आणि छत्री, मग ऊन असो की नसो. सीना नदीचा पूल येईपर्यंत आम्ही घरचं बोलायचो, कामतीपर्यंत कॉलेजचं, आणि भीमेचा पूल ओलांडला की दोघीही गप्प व्हायचो, कारण मग वर्ग जवळ आलेला असायचा. नऊ वर्षांत आम्ही एकमेकींना ‘मॅडम’ आणि ‘तुम्ही’ सोडून दुसरं काही म्हटलं नाही. मला त्यांना मैत्रीण म्हणायला हरकत नव्हती, पण तोंडावर कधी म्हटलं नाही.

मे महिन्याच्या अखेरीस त्या निवृत्त झाल्या. शाल, नारळ, चार भाषणं झाली. परतताना नारळ मांडीवर धरून त्या गाडीत झोपून गेल्या. जूनमध्ये मुलीचं बाळंतपण निघालं, त्या पुण्याला गेल्या आणि तिथंच राहिल्या. तेव्हापासून डावी सीट रिकामी होती. मी तिच्यावर पर्स ठेवायला लागले, पुढे पर्सबरोबर जेवणाचा डबाही.

नवी चाकं बसवली त्यानंतरचा सोमवार. शहरातून बाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं. चौपदरी रस्ता लागला, गाडीनं वेग घेतला, आणि ऐंशीच्या आसपास स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. गचका नव्हता, आवाज नव्हता. दळण चालू असताना गिरणीच्या भिंतीला हात लावला तर लागतो तसा बारीक कंप, दोन्ही तळव्यांना. वेग नव्वदच्या वर गेला की कमी व्हायचा, ऐंशीवर उतरला की परत यायचा, सत्तरच्या खाली पूर्ण गायब. मी काच खाली केली, रस्ता बघितला. रस्ता नेहमीचाच होता.

संध्याकाळी परस्पर दुकानात गेले. त्यांनी चारही चाकं काढली, एकेक बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवली. चाकाचा एखादा भाग जड असेल तर त्याच्या समोरच्या बाजूला शिशाचा लहानसा तुकडा चिकटवून वजन सारखं करतात, ते हे काम. मशीनवर शून्य आलं. मला बोलावून शून्य दाखवलं. चाकं परत बसवली. दुसऱ्या दिवशी थरथर होतीच, फक्त ऐंशीऐवजी शहात्तरला सुरू झाली आणि थोडी जास्त वाटली.

परत गेले. या वेळी दुकानातल्या माणसानं स्वतः गाडी चालवून बघितली, पण चौकापर्यंत जाऊन आला. गर्दीच्या वेळी त्या रस्त्यावर चाळीसच्या पुढे काटा जात नाही. उतरून म्हणाला की गाडी मस्त आहे, नवीन चाकांची सवय व्हायला वेळ लागतो. मी म्हटलं, ऐंशीला होतं, हायवेला चला. त्यावर तो हसून म्हणाला, “मॅडम, घरी कुणी जेंट्स असतील तर त्यांना एकदा पाठवा ना. त्यांना सांगतो समजावून.”

घरी कुणी नाही, एवढंसुद्धा त्याला सांगावंसं वाटलं नाही. गाडी काढली आणि निघाले.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी एक वही काढली. भूगोलाच्या बाईला निरीक्षणाची सवय असते, विद्यार्थ्यांना पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवायला लावण्यात माझं आयुष्य गेलं. मी रकाने आखले. तारीख, रस्ता कुठला, वेग किती, थरथर किती, ब्रेक लावल्यावर वाढते का, ऊन किती. रोज कॉलेजला पोहोचले की आधी गाडीत बसूनच नोंद करायची आणि मग उतरायचं. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं असतं तर वही दाखवलीही असती. आमच्याकडे आता सगळे तरुण. मंगळवेढ्यातच राहणारे किंवा पंढरपूरकडून येणारे. चांगले आहेत, मान देतात, मी आले की खुर्ची सोडतात. खुर्ची सोडली की तिच्याभोवतीचं बोलणंही थांबतं.

दुसऱ्या एका ठिकाणी अलाइनमेंट करून घेतली. चाकं सरळ रेषेत आहेत का हे तिथं कॉम्प्युटरवर बघतात. सगळं हिरवं दिसलं. त्या माणसानंही जाता जाता पुढची दोन चाकं काढून मशीनवर फिरवली आणि शून्यच दाखवलं. त्यानंतरच्या दोन दिवसांत थरथर इतकी कमी झाली की मी वहीत ‘जवळजवळ नाही’ असं लिहिलं. तिसऱ्या दिवशी नीट लक्ष दिलं तर होती.

मग मला दुसरीच शंका यायला लागली. शेवटची दोन वर्षं आईचे हात थरथरायचे. चहाचा कप बशीवर वाजायचा, आणि ती आवाज होऊ नये म्हणून कप दोन्ही हातांनी धरायची. मी एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरात पेला काठोकाठ भरला आणि हात लांब करून धरला. पाणी हलत होतं की नाही, मला ठरवता येईना. डोळ्यांजवळ आणलं तर हलल्यासारखं वाटायचं, लांब धरलं तर नाही. कुणी समोर असतं तर त्याला सांगितलं असतं, बघ रे, हलतंय का? मी पेला ओट्यावर ठेवला. थरथर गाडीत आहे की माझ्यात, हे ठरवायला गाडीत दुसरं माणूस बसायला हवं होतं, आणि नेमकं तेवढंच माझ्याकडे नव्हतं.

त्या दिवशी पुण्याला फोन लावला. मॅडमनी लगेच उचलला. मी चाकांचं सांगायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या की दुकानदाराला चांगलं खडसावा, आणि मग मागून बाळ रडायला लागलं. परत करते, म्हणाल्या. दोन दिवस फोन आला नाही.

आमच्या कॉलेजचा शिपाई मंगळवेढ्याचाच, पण सगळ्या जिल्ह्याची खबर ठेवणारा. मी पार्किंगमध्ये चाकाशी वाकून बसलेली त्याला दिसले. काय झालं, विचारलं. सांगितल्यावर म्हणाला, “बाई, सोलापुरातच एक चाचा हायत की. एस.टी.चे डायव्हर आपल्या घरच्या गाड्या तितंच नेत्यात.” त्यानं पत्ता सांगितला. जुन्या जकात नाक्याच्या पुढे, लाकडाच्या वखारीला लागून.

पत्र्याची शेड, एक जुनं मशीन, एक जॅक आणि टायरांची उतरंड. चाचा साठीच्या पुढचे, अंगानं बारीक, पांढरी दाढी, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. कॉम्प्रेसरच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, हे त्यांनी पहिल्याच वाक्याला सांगितलं आणि मला उजव्या बाजूला यायला लावलं. मी आधीच्या सगळ्या दुकानांत जे सांगत आले होते तेच सांगायला लागले. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि स्वतः विचारायला सुरुवात केली. हादरा हातात येतो की सीटला? ब्रेक मारला की वाढतो का? गाडी एका बाजूला ओढते का? जुन्या चाकांवर असताना होता का? गाडी थंड असताना होतो की तापल्यावर?

हातात येतो. ब्रेकनं वाढत नाही. ओढत नाही. जुन्या चाकांवर नव्हता. थंड-गरम दोन्हीला सारखाच. मी भराभर उत्तरं देत गेले. तोंडी परीक्षेत सगळं येणाऱ्या मुलासारखं वाटत होतं मला. तीन आठवड्यांत हे पहिलं माणूस होतं ज्यानं मला प्रश्न विचारले.

“बसून बघाय पाहिजे,” ते म्हणाले. त्यांनी शेडचं दार ओढून घेतलं आणि गाडीपाशी आले. मी डाव्या सीटवरची पर्स आणि डबा मागे टाकला.

सीना ओलांडली. पुढे रस्ता मोकळा झाला. मी ऐंशीवर गाडी नेली. थरथर सुरू झाली. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही. त्यांनी डावा हात डॅशबोर्डवर पसरून ठेवला होता. मग उजवा हात लांब करून दोन बोटं स्टेअरिंगच्या खालच्या भागाला टेकवली. किती वेळ गेला असेल, अर्धा मिनिट फार तर.

“हाय,” ते म्हणाले. “थरथर हाय.”

मी विचारलं, “नक्की?”

“बारीक हाय, पण हाय की. ह्या दुकानवाल्यांना न्हाय लागली?”

मी म्हटलं, ते चौकापर्यंतच आले. त्यावर चाचांनी फक्त मान हलवली. मग म्हणाले, गाडी बाजूला घ्या, मला चालवून बघू द्या.

कामतीच्या अलीकडे कडेला बाभळीखाली गाडी थांबवली. आम्ही जागा बदलल्या. ही गाडी घेऊन दहा वर्षं झाली, पण डाव्या सीटवर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले. सीट बरीच मागे सरकवलेली होती. पाय ठेवले तर उजवी टाच रबरी मॅटमधल्या एका खळग्यात गेली. वाकून बघितलं. बाकीची मॅट चांगली होती, तेवढ्याच ठिकाणी रबर झिजून खालचा गालिचा दिसत होता. कुठलं तरी पाणी सांडून कुजलं असेल, असं वाटलं. चाचांनी गाडी काढली.

पुढे उसाची ट्रॉली जोडलेला एक ट्रॅक्टर होता. चाचा त्याच्या बरेच जवळ गेले आणि मग त्यांनी ब्रेक लावला. त्याच क्षणी माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. बरोबर त्या खळग्यात.

मी पाय तसाच ठेवून बसले. चाचा शेजारी वेग वाढवत होते, कमी करत होते, मी मात्र खाली बघत होते. नऊ वर्षं त्या बाई माझ्या शेजारी बसून, जिथं ब्रेक नाही तिथं ब्रेक दाबत होत्या. गप्पा मारताना, डब्यातल्या भाजीचं सांगताना, मुलीच्या लग्नाची यादी वाचून दाखवताना. वरून त्यांचा आवाज कधी बदलला नाही. मला वाटायचं, त्यांना माझ्या गाडीत अगदी घरच्यासारखं वाटतं.

“म्याडम, कुटं हरवला?” चाचांनी विचारलं. मी मोठ्यानं म्हटलं, कुठं नाही. काय कळलं? ते म्हणाले, थरथर पुढूनच हाय, चला, शेडमध्ये बघू.

शेडमध्ये त्यांनी पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे लावली. एखाद्या चाकातच खोट असेल तर ते मागे गेल्यावर हादरा हाताला लागायचा बंद होऊन सीटला लागेल, असं त्यांनी समजावलं. पुन्हा रस्त्यावर गेलो. हादरा हातातच होता, फक्त आता ऐंशीच्या थोडा वर सुरू होत होता. म्हणजे खोट एका चाकात नव्हती.

तेव्हा मला वही आठवली. मागच्या सीटवरून काढून दिली, जरा लाजतच. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वही नाकाशी नेली आणि एकेक पान वाचलं. मराठी वाचायला त्यांना वेळ लागत होता, पण एकही ओळ सोडली नाही. मग एका ओळीवर बोट ठेवलं, पाच ओळी खाली दुसऱ्या, मग तिसऱ्या.

“हितं बघा. चाक काढलं की दुसऱ्या दिवशी थरथर बदलली. हितं परत काढलं, परत बदलली. मशीनवर शून्य, आणि गाडीवर रोज येगळं.” ते माझ्याकडे बघून म्हणाले, “चाक चांगलं हाय म्याडम. ते बसतंय वाकडं.”

पुढचं काम त्यांनी मला शेजारी उभं करून केलं. गाडी जॅकवर उचलली, टायरच्या अगदी जवळ विटांवर खडू टेकवून धरला आणि चाक हातानं फिरवलं. खडू टायरच्या एकाच भागाला घासला, बाकी ठिकाणी नाही. तेच चाक काढून मशीनवर चढवून फिरवलं तर खडूची रेघ सगळीकडे सारखी आली. परत गाडीवर, नट आवळून फिरवलं, तर या वेळी रेघ दुसऱ्याच जागी. शेवटी त्यांनी चाकाच्या मधलं झाकण काढलं आणि मला बोट घालायला सांगितलं. चाकाचं मधलं भोक आणि गाडीचा हब, म्हणजे ज्या गोल तोंडावर चाक बसतं ते, यांच्यामध्ये माझ्या करंगळीचं टोक सहज गेलं. जुनी चाकं कंपनीची होती, ती हबवर घट्ट बसायची. ही बाजारातली, कुठल्याही गाडीला चालावीत म्हणून भोक मोठं ठेवलेली. मधली जागा भरायला एक कडी लागते, ती दुकानात कुणी घातलीच नव्हती. चाक नुसतं नटांवर लटकत होतं, आणि दर वेळी केसभर इकडे नाहीतर तिकडे बसत होतं.

कडी चाचांकडे नव्हती. त्यांनी दोन्ही मापं घेऊन कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीनं लिहून दिली आणि शहराच्या पूर्वेकडच्या एका लेथवाल्याकडे पाठवलं. तो यंत्रमागाचे सुटे भाग करतो. दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. मी गेले. लेथवाला फोनवर तेलुगूत बोलत होता, बोलता बोलता माझ्या हातातला कागद घेतला, मापं बघितली आणि हे कशासाठी म्हणून विचारलं. मी त्याच्याच फळीवर खडूनं दोन वर्तुळं काढून त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि अ‍ॅल्युमिनियमची कांडी लेथला लावली. चार कड्या व्हायला दुपार गेली. मी स्टुलावर बसून राहिले. शेजारच्या कारखान्यात माग चालू होते, त्या खटखटीत बोलण्याचा प्रश्नच नव्हता. मला तिथं बरं वाटत होतं. गप्प बसायला कारण होतं.

संध्याकाळी चाचांनी कड्या बसवल्या. चाक हबवर ढकललं तेव्हा ‘टक्’ असा आवाज झाला, जो आधी कधी आला नव्हता. गाडी जॅकवर असतानाच त्यांनी नट हातानं, समोरासमोरचे असे आळीपाळीनं आवळले. खडू पुन्हा लावून बघितला. रेघ सगळीकडे सारखी होती.

“चला, जाऊन बघू,” मी म्हटलं.

“आता माजं काय काम?” ते हात पुसत म्हणाले. “तुमी जावा. न्हाय जमलं तर या.”

मी एकटीच गेले. सीनेच्या पुढे ऐंशी, नव्वद, पंच्याण्णव. स्टेअरिंग हातात इतकं शांत होतं की मी एकदा सगळी बोटं सोडून फक्त तळवे टेकवून बघितले. काही नाही. ज्वारीची पेरणी नुकतीच झाली होती, दोन्ही बाजूंना काळं रान, त्यावर हिरवी रेघ अजून दिसत नव्हती. कामतीला गाडी थांबवली, टपरीवर चहा घेतला. चहावाल्याला सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? माझं स्टेअरिंग हलत नाही? चाचांना फोन केला. ते “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला.

घरी आल्यावर पुण्याला फोन लावला. चाकांचं सांगून झालं. त्या मनापासून ऐकत होत्या, बाळ झोपलं होतं. मग मी म्हटलं, “मॅडम, एक विचारू? तुमच्या पायाखालची मॅट झिजलेली दिसली मला.”

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“तुम्ही तिथं बसलात होय?” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला माझ्या गाडीत भीती वाटायची?”

“कुणाच्याही गाडीत वाटते. ह्यांचा अपघात झाला तेव्हापासून. तुमचं काही चुकत नव्हतं.”

त्यांचे यजमान गेले ते अपघातात, हे मला माहीत होतं. त्या दोन गोष्टी मी कधी एकत्र ठेवून बघितल्या नव्हत्या. मी विचारलं की मग सांगितलं का नाही, मी हळू चालवली असती.

“सांगितलं असतं तर तुम्ही रोज माझ्याकडे बघत बसला असता. आणि चार दिवसांनी म्हणाला असता, मॅडम, एवढा त्रास होत असेल तर तुम्ही एस.टी.नं या.” मग म्हणाल्या, “मला एस.टी.तून एकटीला यायचं नव्हतं.”

मी तसं कधीच म्हटलं नसतं, असं म्हणायला तोंड उघडलं, पण खात्री वाटेना. मी माझ्याच घरात, माझ्याच आईला, तुला जिना उतरायची भीती वाटते ना, मग बस घरातच, असं म्हटलेलं होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही जेवलात का? मी म्हटलं, अजून नाही. मग इकडचं तिकडचं बोलून आम्ही फोन ठेवला.

त्याला आता दोन महिने होतील. गाडी छान चालते. वहीतल्या नोंदी बंद झाल्या. सकाळी सव्वानऊला निघते, मेडिकल दुकानावरून वळते, आणि पंचावन्न किलोमीटर काही घडत नाही. ते तीन-चार आठवडे मी किती जणांशी बोलले, हे मला आता कळतं. दुकानदार, अलाइनमेंटवाला, शिपाई, चाचा, लेथवाला. भांडले, समजावलं, ऐकून घेतलं. थरथर गेली आणि बोलायला काही उरलं नाही. पुण्याचे फोन चालू आहेत, पण आठवड्यातून एक, बाळ झोपेल तेव्हा. मी त्यांना दिवाळीत या म्हटलं होतं. येईन म्हणाल्या, आल्या नाहीत. मीही फार धरून बसले नाही.

मागच्या शनिवारी कॉलेजहून येताना वखारीपाशी गाडी वळवली. चाचा एका टेम्पोचं चाक खोलत होते. काय झालं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, हवा बघून घ्यावी म्हटलं. त्यांनी हातातलं काम ठेवलं, चारही टायरांची हवा तपासली. सगळीकडे बरोबर होती, थोडीही कमी नव्हती. ते त्यांनाही कळलं असणार. पैसे घेतले नाहीत. टेम्पोवाला चहा आणायला गेला होता, तो तीन कप घेऊन आला. मी टायरांच्या उतरंडीवर टेकले आणि चहा प्यायले. चाचांच्या उजव्या बाजूला, ऐकू येणाऱ्या कानाकडे, जागा होती, पण मी त्यांना काही सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. टेम्पोच्या चाकाचा एक नट गंजून बसला होता, तो निघेपर्यंत आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत होतो. मग मी उठले, येते म्हणाले आणि घरी आले.